भिंतीवरच्या ताटाकडे पाठ

आमच्या गल्लीत चेन्चोसारखा ताटं रंगवणारा चितारी नाही, आणि त्याच्यासारखं गाढवही नाही. मी त्याची शेजारीण, दोन्ही गोष्टी जवळून पाहिल्यात.

ताटं भाजून झाली, भट्टी उघडायची म्हटलं की आमच्या कास्तेल दुरान्ते गावात अख्खी गल्ली गोळा होते. त्या दिवशी तर चेन्चोच्या लेकीची, जिनेव्राची होणारी सासू पिएराही नदीपलीकडून आली होती. लग्न तोंडावर आलेलं. कौतुकानं पहिलं ताट तिनंच उचललं. त्यावर वनदेवी दियाना आंघोळ करतेय आणि चोरून बघणाऱ्या शिकाऱ्याच्या डोक्याला तिच्या शापानं शिंगं फुटताहेत.

"अगंबाई! ही तर आमची सून!"

बघते तर काय, उघडी देवी आणि चेहरा हुबेहूब जिनेव्राचा! अंगं छापील चित्रावरून घेतात. रेघांवर भोकं टोचलेला कागद ताटावर ठेवून कोळशाची पूड थापटली की झालं. चेहरे मात्र चेन्चो मनानं काढायचा, आणि रोज समोर बसून रंग वाटायची ती लेक. हात आपला तिकडेच वळला. ताटाच्या कच्च्या, न भाजलेल्या मुलाम्यावरची रेघ पुसता येत नाही, कबूल. पण मेल्या, डोळे उघडे ठेवून बघता तरी येतं ना!

"बापानं लेकीला असं काढावं? मोडलं लग्न!" विहीणबाई कडाडल्या.

चेन्चोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

जिनेव्रा पुढे झाली. "ही मी नाही. माझी आई आहे. मी तिच्यावर गेलेय."

आई तर हिला जन्म देऊनच गेली. पोरीनं तिला पाहिलेलीसुद्धा नाही. मी पाहिली होती माद्दालेनाला. बसकं नाक, दात पुढे. तरी मी दडपून म्हटलं, "माद्दालेनाच ही! नवऱ्यानं आपल्या बायकोला आंघोळीत पाहिलं, तर कुणाच्या बापाचं काय गेलं?"

हशा पिकला. विहीणबाई विरघळल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "हे ताट आमच्या घरी येणार हं."

सगळे गेले, तरी चेन्चो राखेतच बसून.

"ऊठ, वाचलास," मी म्हटलं.

"तोनिया, ती दिसायची कशी गं?" मान वर न करता तो म्हणाला. "पोरगी बोलली तेव्हा आठवायला गेलो. काहीच येईना."

मला इतकी लाज वाटली त्याची, की नाकाचंही सांगवेना.

ताट आता जिनेव्राच्या सासरी भिंतीवर आहे. विहीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "सुनेची आई. व्याह्यांनी नुसत्या आठवणीतून काढलीय." चेन्चो तिथं जेवायला जातो आणि भिंतीकडे पाठ करून बसतो.