डाव्या गालावरची तीट

सगळ्यात आधी आली ती संडासांची गाडी. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका अजून म्हणतात की लंडनची प्रोड्यूसर भल्यामोठ्या काळ्या गाडीतून उतरली. तसं काही नाही. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्या घरासमोर बर्फात एक लांबलचक ट्रेलर येऊन थांबला, शूटिंगच्या माणसांसाठी. समोरच्या काकूंनी लगेच माझ्या सुनेला फोन केला, "नेहा, तुमचे पाइप फुटले का गं?" त्या ट्रेलरच्या मागून मफलर गुंडाळून चालत आल्या त्या उषाताई. बूट बाहेर काढून दारात उभ्या राहिल्या. "मावशी, आत येऊ का?" जन्म लंडनचा, पण मराठी त्यांच्या आईचं, साताऱ्याकडचं.

आता उषाताईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत, मंडळ पुस्तक काढतंय, आणि मला लिहायला सांगितलंय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलंमाकलं संभाळून घ्या.

उषाताई तिकडच्या टीव्हीत लागल्या त्या टायपिस्ट म्हणून. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मालिका टाइप करताना कडेला पेन्सिलीने लिहायच्या, "ही बाई असं बोलणार नाही." साहेब आधी रागावले, मग त्यांनाच विचारायला लागले. तिथून चढत चढत त्या स्वतः मालिका काढू लागल्या. प्रोड्यूसर म्हणजे नक्की काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लग्नघरात जिला जेवायला वाढायचं सगळे विसरतात, ती." खोटं नव्हतं ते. चारही दिवस त्या आमच्या ओट्याशी उभ्याने, थंड झालेलं खायच्या.

मालिका होती पुण्याहून इकडे आलेल्या कुटुंबाची, आणि तीत तान्हं बाळ हवं होतं. मुलाने न् सुनेने होकार दिला. बाळ म्हणजे माझी नात ईरा, अडीच महिन्यांची, कापसासारखी. माझी झोप उडाली. एवढे दिवे, एवढी माणसं, एवढे डोळे. उषाताईंनी नर्स ठेवली होती, दिव्याखाली मोजकीच मिनिटं. "बाळाला कोणी हात लावायचा नाही," असं मेकअपवाल्या लिंडालाही बजावलं होतं. तरी मी सकाळी ईराच्या उजव्या गालावर तीट लावली. दुपारी दूध पाजून पुसलं तर तो गाल लालसर दिसला, म्हणून डाव्यावर लावली. लिंडा शेजारीच उभी होती. ती हसली, मीही हसले.

तिसऱ्या प्रहरी डायरेक्टर, शूटिंग दिसतं त्या पडद्यासमोर, ओरडायला लागला. सकाळी तीट या गालावर, दुपारी त्या गालावर, प्रसंग तर एकच. मला इंग्रजी कळत नाही, पण "लिंडा, लिंडा" कळत होतं. लिंडा मान खाली घालून उभी. दोन मुलांची आई. तिने मला पाहिलं होतं, तरी माझं नाव घेतलं नाही. नेहा कुजबुजली, "आई, तिला परत पाठवतायत."

बोलावं तर मुलाचं नाक कापलं जाईल, न बोलावं तर त्या बाईचं काम जाईल. शेवटी गेले. "उषाताई, ते मी केलंय. तिला काही करू नका."

उषाताईंनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलल्या. नेहाने मला सांगितलं ते असं: "बाळाला हात लावू नका हे मी सांगितलं होतं. घरात आजी आहे हेही मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही. चूक माझी, लिंडा राहील." डायरेक्टर म्हणाला, मग बाळाला उठवा, अजून थोडी मिनिटं शिल्लक आहेत. त्या म्हणाल्या, "तेवढी मिनिटं ती झोपेल." दुपारचं सगळं शूटिंग टाकून दिलं आणि बाळाच्या जागी शालीत आमचा टॉवेल गुंडाळून प्रसंग पुरा केला. मग माझ्या कानाशी येऊन, "मावशी, उद्या तीट लावाल तेव्हा हाक मारा. मलाही एक लावा."

तरी पुढे कित्येक महिने माझ्या मनात धाकधूक. लिंडाला सगळ्यांसमोर ठेवली, लंडनला गेल्यावर काढली असेल तर? विचारायची हिंमत झाली नाही. मालिका लागली तेव्हा घरातले ईराला बघत होते, मी शेवटच्या नावांची वाट बघत होते. मुलाला म्हटलं, "थांबव, वाच." त्याने बोट ठेवून वाचलं. लिंडाचं नाव होतं. आणि पुढच्या मालिकेतही आहे म्हणे, तेव्हा कुठे मला घास गोड लागला.

उषाताईंचं गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालंय. उभ्याने जेवणं आता पुरे. त्यांनी ऐंशी गाठावी, नव्वद गाठावी, आणि प्रत्येक जेवणाला त्यांना कोणीतरी आधी वाढावं, एवढंच मागणं.

परवा उषाताईंशी फोनवर बोलत होते, तर लिंडाने मधेच हाक मारली, "आजी." पाडव्यानंतरच्या शनिवारी, दुपारच्या जेवणाला, दोघी येतो म्हणाल्यात.