तीनातलं एकच उत्तर

गेल्या उन्हाळ्यात मी तरुण होते. म्हणजे वयानं वर्षभर लहान आणि अकलेनं त्याहून पुष्कळ. तेव्हाच्या त्या बाईशी आता माझा काही संबंध नाही असं म्हणायची सोय असती, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

माझी नात परभणीला कॉम्प्युटर शिकते. सुट्टीला मानवतला आली ती हवामानाचा एक प्रोग्राम लिहूनच. मला म्हणाली, "आजी, ह्याला फंक्शन म्हणतात. गाव सांगितलं की हे तीन उत्तरं एकदम देतं. पाऊस येईल का, वारं किती, ऊन किती."

"तीन कशाला गं? वाळवणाचे दिवस हायेत. पाऊस येणार का न्हाई, एवढंच दाव मला."

"राहू दे की बाकीची. वाचायला काय लागतंय तुला?"

"चष्मा लागतोय!"

ती हसली. उत्तरं रांगेनं येतात, तिनं सांगितलं. मोजणी शून्यापासून, म्हणून पाऊस शून्य नंबरवर. शून्य नंबरचं तेवढं उचलायचं की झालं.

"आन राहिलेल्या दोघांचं?"

"फंक्शन तीही काढतंच आजी. आपण घेत नाही, एवढंच."

मला हे लय आवडलं. आवडणारच. नवी नवरी होते तेव्हा सासूबाई उठता उठता तीन कामं सांगायच्या: दूध उतरव, विस्तव ओढ, मांजराकडं बघ. मी मोठ्या रुबाबात दूध तेवढं उतरवायची. मांजर जेवून जायचं. पण तेव्हा मला कुणी हुशार म्हटलं नाही, बावळट म्हटलं.

तर माझ्या मोबाइलवर मोठ्या अक्षरांत एकच ओळ यायला लागली. पाऊस: नाही. मी गल्लीभर मिरवलं.

शेजारणीच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मांडायच्या कुरडया तिनं आमच्या गच्चीवर जुन्या लुगड्यांवर घातल्या होत्या, कारण तिच्या घरावर पत्रे. गहू भिजवून, दळून, चीक शिजवून, खांदे मोडेपर्यंत सोऱ्या फिरवून केलेल्या. वाळत आल्या होत्या, पार हलक्या झालेल्या. त्या सकाळी ती विचारायला आली, "मावशी, काढून घेऊ का? हवा काई बरी वाटंना."

मी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "पाऊस न्हाई. ठेव बिनघोर. नातीचा प्रोग्राम हाय."

पाऊस आलाच नाही. एक थेंब नाही. दुपारी सगळे लवंडले असताना वाऱ्याचं वावधान उठलं आणि त्यानं लुगड्यांसकट कुरडया उचलून नेल्या. आम्ही धावत वर गेलो तोवर निम्म्या कुरडया रस्त्यावर होत्या, त्यांच्यावरून एक टेम्पो गेलेला. गच्चीवर राहिल्या त्यांना धूळ आणि कुठूनशी आलेली कापसाची रुई चिकटली होती.

शेजारीण पदरात तुकडे गोळा करत होती. नातीकडे बघून म्हणाली, "काय गं माय, तुझ्या मशिनीला एवढंबी कळंना? लेकीच्या रुखवताचं व्हतं."

"चुकलं काकू," नात म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गच्ची झाडत होते. झाडलेलीच जागा पुन्हा झाडत होते. तोंड उघडायला किती लागतं? पण गल्लीत मिरवलेली म्हातारी होते ना मी! मान कशी खाली घालणार?

संध्याकाळी नातीनं तिन्ही उत्तरं काढून बघितली. वाऱ्याचा आकडा सकाळपासून तिथं होता, चांगला मोठा. तिनं लॅपटॉप मिटला. "मलाच नाही जमत वाटतं हे. दुसरं काही शिकते." तरीही 'आजी, तूच म्हणालीस' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते आणि सुटले असते.

 दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले गहू भिजत घातले आणि शेजारणीला सांगितलं, कुरडया पुन्हा करू, गहू माझे. तिला वाटलं, म्हातारी मायाळू. तेही मी घेतलं, गुपचूप.

कुरडयांच्या दिवशी उजाडताच बाया गच्चीवर जमल्या. चीक हातात घेतला आणि मला खरं सांगणं आणखी पुढं ढकलवेना. म्हटलं, "ऐका गं. पोरीच्या प्रोग्रामनं वाऱ्याचं सांगितलं व्हतं. ते मला दावू नको म्हणणारी मीच."

शेजारणीचा सोऱ्या थांबला. "मग मावशी, त्या दिवशी तुमची जीभ कुठं वाळत घातली व्हती?"

बाया खो खो हसल्या. मीही हसले, थोडं. ती हसली नाही. जिन्याशी जाऊन तिनं हाक मारली, "ए पोरी, खाली काय करायलीस? म्या तुला उगंच बोलले. वर ये, आजचं वारं सांग."

नात बऱ्याच वेळानं वर आली. डोळे सुजलेले. मोबाइल काढून शेजारणीला पाऊस वाचून दाखवला, वारं वाचलं, ऊनही वाचलं. "दुपारून वारं हाय काकू."

"मग लुगड्यांवर वजन ठेवायला पायजे."

 मी उठले आणि खाली जाऊन अंगणातले दगड गोळा करायला लागले. दोन खेपा झाल्यावर नात जिन्यात आडवी आली. "दे इकडं, गुडघे दुखतील," म्हणाली, आणि दगड घेऊन माझ्याकडे न बघता वर गेली.