एक दाबलं की ताई लागायची

आईनं भिलाई सोडली त्या सकाळी ती टॅक्सीत पुढच्या सीटवर बसली होती आणि तिच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला फोन होता. मोबाइल नव्हे; घरातला जुना, बटणांचा, क्रीम रंगाचा जड फोन. बाकी सामान आदल्या दिवशीच ट्रकनं नागपूरला, माझ्या थोरल्या बहिणीकडे, सुनंदाताईकडे गेलं होतं. फोन ट्रकमध्ये टाकायला आई तयार झाली नाही. शेजारच्या साहूकाकी फाटकाशी उभ्या राहून "झन जा दीदी, झन जा", नको जाऊ म्हणत, रडत होत्या. आई रडली नाही. दुर्ग मागे पडलं, रसमड्याच्या कारखान्यांची धुराडी दिसायला लागली, तेव्हा समोर बघतच ती म्हणाली, "मुन्ना, पुढं माह्याकडून काही चुकलं तर मले सांगत जा. लपवू नको. लोक हसतात मंग."

मी "हो आई" म्हणालो. तिच्याकडून काहीच चुकलेलं नव्हतं, हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं.

ताई, तू हे वाचशील. भिलाईची जी मंडळी आता पुण्यात, दुबईत, टोरांटोत आहेत, तीही वाचतील. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी स्वतः निघालो ते दुर्ग स्टेशनवरून, पंचवीस वर्षांपूर्वी. कुणी फारसं रडलं नव्हतं. सेक्टरमधल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी जातच होतं. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीच्या गजांतून माझा हात धरला आणि उपदेश म्हणून एवढंच सांगितलं, "फोन वाजला तर उचलाचा. कोन आहे, कावून केला, ते मंग पाहू." जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. जेवणाच्या ताटावरून उठून केलं होतं.

त्यांच्या नोकरीमुळे आमच्या क्वार्टरमध्ये प्लांटचा फोन होता. आतल्या आत लावायचा तर नुसते चार आकडे. बाहेर लावायचा तर आधी शून्य. आई त्या शून्याला फाटक म्हणायची. मी लहानपणी नागपूरला मामाकडे फोन लावायला घेतला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "फाटक उघडलं काय? आधी फाटक उघड!" पुढे बाबा रिटायर झाले, क्वार्टर लीजवर घेतलं, प्लांटची लाइन गेली, नुसता फोन उरला. आईच्या बोटातलं शून्य गेलं नाही.

बाबा गेल्यावर आई एकटी राहिली. राहायचं तिथंच, यावर ठाम. मी डब्लिनहून तीन आठवड्यांसाठी आलो ते तिच्या फोनची सोय करायलाच. मोबाइलच्या काचेवर तिची कोरडी बोटं चालायची नाहीत. "हे काच माह्यं ऐकतच नाही," म्हणायची. मग मी इंटरनेट फोनची एक पांढरी डबी आणली, ब्रॉडबँडला जोडली आणि तिच्यात बाबांचा तो क्रीम रंगाचा फोन लावला. अशा सेवेच्या वेबसाइटवर एक पान असतं. त्यात आपण नियम लिहायचे: कोणते आकडे दाबले की फोन कुठं जावा, किती वेळ वाजावा, कुणी उचलला नाही तर पुढे कुणाकडे जावा. मी लिहिलं: एक म्हणजे मी, दोन म्हणजे ताई, तीन म्हणजे साहूकाकी. मोठ्या अक्षरात कागद करून भिंतीला चिकटवला.

पहिल्याच प्रयत्नाला पीं-पीं आवाज. बघतो तर तिनं आधी शून्य दाबलं होतं, मग एक.

"अगं आई, शून्य नको."

"तू बाहेर नाही काय? बाहेरच्याले शून्य लागते."

दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी हात टेकले आणि नवा नियम लिहिला: सुरुवातीला शून्य आलं तर ते गाळायचं, पुढचा आकडा धरायचा. आई साहूकाकींना अभिमानानं सांगत सुटली, "पोरानं मले नाही शिकवलं, मशीनले शिकवलं." इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. म्हणून त्याच पानावर पुढे जे केलं ते जास्त लागतं.

ती फोन करायची. नळाला पाणी आलं नाही, करायची. साहूकाकींच्या नातवाला गोवर निघाला, करायची. "जेवला काय?" विचारायला तर रोजच. तिची दुपारची भांडी घासून झाली की आमच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असायचे, टीमची मीटिंग सुरू असायची. आधी मी लिहिलं, डब्लिनच्या घरी वीस सेकंद वाजावा, मग मोबाइलवर यावा. मोबाइल टेबलावर थरथरायचा, सगळे बघायचे. मग लिहिलं, मोबाइलवर उचलला नाही तर ताईकडे जावा. आणि एका मंगळवारी, जेव्हा ती गॅसवाल्याशी झालेल्या भांडणाची हकीकत सांगायला तिसऱ्यांदा लागली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी तो नियम लिहिला. सोमवार ते शुक्रवार, आमच्या सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, आईचा फोन माझ्याकडे वाजूच नये. थेट ताईकडे जावा. ताईच्या मोबाइलवर आईचंच नाव दिसावं, अशी खूणही केली. सँडविच संपायच्या आत सगळं झालं. कुणाला सांगितलं नाही. ताईची शाळा असते, ती स्टाफरूममध्ये बोलू शकते, असं मनात म्हटलं.

आठवड्याभरात ताईचा फोन. "अरे, आई गोंधळून राहिली. मले फोन करते न म्हणते, मुन्नाले दे."

रविवारी आई स्वतः म्हणाली, "मी एक दाबून राहिली न सुनंदाच लागते. माह्या बोटाले काय झालं बाप्पा?"

त्या क्षणी सांगायचं होतं. मी म्हणालो, "चष्मा लावून दाबत जा, आई."

तिनं चष्मा लावला. दिवाळीत ताई भिलाईला गेली आणि एक नंबरच्या बटणावर लाल टिकली चिकटवून आली. टिकलीवर बोट ठेवूनही दुपारी ताईच लागायची. सकाळी तेच बटण दाबलं की मी लागायचो, कारण तेव्हा आमचे आठ वाजलेले नसायचे. ताईनं तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी बऱ्या असतात आणि दिवस चढला की गोंधळतात, असं होतं का? ताई म्हणाली, अगदी तसंच होतं. स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्या वेबसाइटवर प्रत्येक फोनची नोंद राहते: किती वाजता, कोणते आकडे दाबले, फोन कुठं गेला. मी रोज संध्याकाळी ती उघडून बघायचो. शून्य एक. शून्य एक. शून्य एक. एकदाही ती चुकली नव्हती.

नियम काढता आला असता. पण काढला असता तर आई एका दिवसात बरी झाली असती, आणि ती कशानं बरी झाली ते सांगावं लागलं असतं. तेवढं धैर्य नव्हतं. रोज ठरवायचो, या शनिवारी सांगू. शनिवारी फोन बरोबर लागायचा, आई खुशीत असायची, आणि मी हवापाण्याचं बोलायचो.

मग दूध उतू गेलं. सगळ्यांच्या घरी जातं. आईच्या घरी गेलं तो पुरावा झाला. तिला एकटं ठेवायचं नाही, असं ताईनं आणि मी ठरवलं. सगळं माहीत असूनही, मीसुद्धा. क्वार्टर सोडून दिलं. ते आता परत मिळत नाही.

नागपुरात डबी पुन्हा जोडली त्या दिवशी मी तो नियम पुसला. पण आईनं फोनला हात लावणंच सोडलं होतं. "मले नाही जमत. तूच करत जा." टिकलीचा रंग उडाला.

या वर्षी मी नागपूरला गेलो. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून दोघींना सगळं सांगितलं. ताई आधी हसली. तिला वाटलं, काहीतरी टेक्निकल आहे. मग तिला समजलं. "तू आईले येडी ठरवलं रे! माह्या हातानं गोळ्या देववल्या!" ती उठून आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

आई म्हणाली, "काय लिहिलं आहे त्यात? वाच."

मी वाचत गेलो. तारीख, वेळ, शून्य एक. तारीख, वेळ, शून्य एक. बराच वेळ वाचलं. ती उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होती.

"म्हणजे माह्यं बोट बरोबर होतं."

"हो, आई."

तिच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखा आनंद आला. तो मला बघवला नाही. मग तो हळूहळू गेला.

"मंग घर कावून सोडलं मी?"

उरलेले चार दिवस ती माझ्याशी "पोळी वाढू काय?" याच्यापलीकडे बोलली नाही. निघताना पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला. ठेवला, एवढंच.

डब्लिनला परतल्यावर चैन नव्हती. बसलं की उठावंसं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात, साडेनऊच्या मीटिंगमध्ये, टेबलावर फोन थरथरला. आई. मी बोलणं अर्धवट टाकून बाहेर पळालो.

"शून्य एक दाबलं," ती म्हणाली. "लागला."

"लागला, आई."

"ठेवते."

तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार रोज येतो. जेवला का, विचारत नाही. नळाचं, गॅसचं काही सांगत नाही. लागला, ठेवते. ती मला माफ करते आहे की रोज माझी साक्ष काढते आहे, मला कळत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. मीटिंगला मी आता दाराजवळची खुर्ची धरतो. नऊ-पंचवीसपासून लक्ष कशात लागत नाही. एखाद्या दिवशी पाच मिनिटं उशीर झाला तर जिना उतरून चढून येतो.

परत आत आलो की शेजारी बसणारा आयरिश मुलगा हळूच विचारतो, घरी सगळं ठीक ना? मी मान हलवतो. भिलाईच्या घरात आता दुसऱ्यांचे कपडे वाळत असतात. नागपूरचं घर ताईचं. इथल्या घरी दिवसभर कुणी नसतं. त्यानं कोणत्या घराचं विचारलं, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.