एर्सिलियाची शिट्टी

पार्मा शहरात मांसाला मीठ चोळणाऱ्या एर्सिलिया गांदोल्फीची ऑपेराच्या सर्वात वरच्या गॅलरीतली जागा वीस वर्षं ठरलेली होती. त्या रविवारी नायकाचं काम करणारा गायक बेलेत्ती तिसऱ्या अंकातला चढा सूर न लावता खालच्या सुरातच निभावून गेला. हे अख्ख्या गॅलरीला कळलं. तोंडात दोन बोटं घालून नापसंतीची शिट्टी मात्र एकट्या एर्सिलियाने मारली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक तोसारेल्लींनी तिला बोलावून घेतलं.

"माफी मागा बाई. नाहीतर वर पाय ठेवायचा नाही."

"टाळ्या वाजवल्या तेव्हा कधी बोलावलं नाहीत साहेब."

"टाळ्या वाजवा की. कोण नको म्हणतंय?"

"शिट्टी काढून घेतलीत तर माझ्या टाळीला अर्थ काय उरला?"

गॅलरीत तिच्या शेजारी बसणारा नुल्लो न्हावी तिला नंतर समजावू लागला, "मागून टाक गं. जीभ काय झिजते?"

"तुझी रोजच झिजते, नुल्लो. माझी जपून वापरते मी."

पुढच्या रविवारी ती नेहमीचा कोट घालून आली. गॅलरीच्या जिन्याशी दरवानाने तिला अडवलं. ती तिथेच, रस्त्यावर उभी राहिली. वर जाणारा प्रत्येक जण तिला बघून गेला आणि आपल्या जागी हात मांडीखाली दाबून बसला. बेलेत्तीचं तेच गाणं झालं. खालच्या सभ्य लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या, पण वरून टाळी नाही, शिट्टी नाही, साधा खोकलाही नाही.

तिसऱ्या अंकानंतरच्या मध्यंतरात बेलेत्ती रंगवलेल्या तोंडानेच रस्त्यावर आला. मागे धापा टाकत तोसारेल्ली.

"तूच ना ती? आज लावला मी तो सूर. पूर्ण लावला."

"मला कसं कळणार? मला इथे उभं केलंय."

"वरचे तोंडातून ब्र काढत नाहीत."

"ते त्यांना विचार. मी माफी मागायची नाही, एवढं मला ठाऊक."

"माफी कोणाला हवीय?" बेलेत्ती तोसारेल्लींवर खेकसला. "हिला वर सोडा. मी परत गाणार आहे."

"मध्यंतरानंतर? असं कुठे असतं का?"

"आज असेल."

एर्सिलिया जिना चढली. नुल्लोने सरकून जागा केली. पडदा वर गेला, बेलेत्ती एकटाच पुढे आला आणि त्याने थेट गॅलरीकडे पाहिलं.

एर्सिलियाने कोट मांडीवर घेतला, दोन बोटं ओली केली आणि ओठांशी तयार धरली.