पाकोळ्या म्हणजे फुलपाखरं नव्हेत

मैत्रिणींनो, सकाळपासून हात धुतेय, तरी वास जात नाही.

लोहारा गावातल्या माझ्या घरातली भाडेकरू सुषमा. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. "काकू, घरात लय पाकोळ्या झाल्या."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. पाकोळी म्हणजे फुलपाखरू, एवढंच मला ठाऊक. लहानपणी फ्रॉकमध्ये फुलपाखरं धरायचो, ते आठवलं. लाडाने म्हटलं, "राहू दे गं, बाळाला दाखव."

आज गेले. दार उघडताच कुजका भपका आला. सिलिंगच्या फटीतून काळ्या लेंड्या गळत होत्या, भिंतीवर मुताचे पिवळे ओघळ होते. पाळण्यावर ताणलेली चादरही लेंड्यांनी भरलेली. वर पाहिलं तर वटवाघळं लोंबत होती. मी ती चादर हाताने ओढून काढली.

"ह्या तुमच्या पाकोळ्या," सुषमा म्हणाली. "लेकराले कायले दाखवू, काकू? खोकून राह्यलं ते."

डॉक्टरांना दाखवून दोघांना मी घरी घेऊन आले. बाळ आता माझ्या पलंगावर झोपलंय, पण झोपेतही खोकतंय.

वटवाघळं न मारता कशी घालवायची, कोणी सांगेल का? आणि त्या दिवशी फोनवर "म्हणजे काय गं?" एवढं विचारायला मला काय झालं होतं?