डावीकडची सीट

माझे सासरे बसचे तिकीट तपासनीस. डेपोत त्यांना ‘घार’ म्हणायचे. फुकट्या प्रवाशाने नजर चुकवायच्या आत बाबांचा हात पुढे! निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. मी दूध आणलं तरी पातेल्यात डोकावून विचारायचे, “एवढंच?”

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात-पाय लुळा पडला, बोलणं मात्र शाबूत. आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून एकच टकळी: “सून मला अर्धपोटी ठेवते.”

अहो, ताट भरून वाढायचे मी! उजवीकडे भात, डावीकडे भाजी. भात चाटूनपुसून संपायचा, भाजी तशीच, आणि वर ओरड, “भाजी कुठाय?” मला वाटलं, नाटकं आहेत. दाढीसुद्धा अर्धीच करायचे. माझी नणंद भेटायला आली की हेच रडगाणं, आणि ती माझ्याकडे अशी बघायची, जणू भाजी मी कपाटात दडवून ठेवलीय. नवराही एकदा चाचरत म्हणाला, “तू नीट वाढतेस ना?” अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

एके दिवशी संतापून मी ते अर्धं ताट उचललं आणि परत आदळलं. ठेवताना ते गोल फिरलं, भाजी उजवीकडे आली. बाबा लगेच तुटून पडले.

“बघ! लपवलेली काढलीस ना शेवटी?”

मी तडक डॉक्टरांना गाठलं. त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू उघडून दाखवला. अक्रोडासारखे दोन अर्धे भाग, मधे त्यांना जोडणारा पूल. मागे, खाली, तोल सांभाळणारा लहान मेंदू. आणि मानेकडे उतरणारा देठ. त्याचीच पुढे पाठीच्या कण्यात मज्जारज्जू होते.

“या देठाच्या तळाशी हातापायांच्या बहुतेक नसा बाजू बदलतात,” ते म्हणाले. “म्हणून उजवा मेंदू डावा हात हलवतो. तुमच्या सासऱ्यांचं बिघडलंय ते उजवीकडे, कानाच्या वर, जरा मागे. डोळे चांगले आहेत हो. पण डावीकडेही काही असतं, हेच मेंदू विसरलाय.”

खरं सांगते, मला ती थापच वाटली. नणंदेला तर त्याहून. “आता मेंदूवर ढकल!” ती फणकारली, आणि पुढच्या रविवारी बाबांना न्यायला बॅग घेऊनच आली. चार नातेवाइकांत माझी अब्रू जाणार, म्हणून मी घाबरले. आणि बाबा जाणार, म्हणूनही. खाष्ट खरे, पण माझा जीव होता त्यांच्यावर.

पलंगाच्या उजव्या अंगाला उभी राहून तिने विचारलं, “बाबा, वहिनी बघते का तुमच्याकडे?”

“ती? एकदासुद्धा जवळ येऊन बसली नाही.”

मी त्यांच्या डावीकडेच बसले होते. रोजच्यासारखा त्यांचा लुळा हात माझ्या मांडीवर घेऊन बोटं चोळत होते. नणंदेने माझ्याकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं, आणि बॅग पलंगाखाली सारली.

मी उठून पलंगाला वळसा घातला, त्यांच्या उजवीकडे आले.

“आत्ता चढलीस?” बाबांनी विचारलं.

“पहिल्या थांब्यापासून बसलेय, बाबा.”

“तिकीट?” उजवा पंजा पुढे आला.

मी वाकून त्यांचाच डावा हात त्यात ठेवला. त्यांनी तो चाचपला, उलटसुलट करून पाहिला, डोळे बारीक केले.

“हा कुणाचा?”