विंडोजहून लिनक्सवर येताना मागे राहिलेली अक्षरं

ज्या दुपारी मी खामगावच्या आमच्या डीटीपीच्या दुकानातल्या मशीनवरून विंडोज काढलं, त्या दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं होतं. मध्येच गिऱ्हाईक आलं असतं तर काम राहून गेलं असतं. लग्नपत्रिका, अर्ज, स्मरणिका, सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर भरलं, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि सगळं पुसायचं का, या प्रश्नाला हो म्हटलं. मशीन धडधाकट होतं, फक्त नवीन विंडोज त्यावर बसत नव्हतं. चांगली वस्तू भंगारात देणं मला जमत नाही.

तुम्हा डीटीपीवाल्यांपैकी बरेच जण अजून तिकडेच, विंडोजवरच आहात. धाड गावात असंच दुकान चालवणारी वंदना फोन केला की विचारते, “करमते का वं तिकडं?” म्हणून हे लिहिते आहे. जे माझ्याआधी इकडे आले, त्यांना यातलं अर्धं माहीतच असेल.

लग्न होऊन सोनाळ्याहून निघाले तेव्हा आई म्हणाली होती, “तिथं मीठ कुठं ठेवतात ते पहिले पाह्यजो, मंग बोलजो.” इथेही तेच केलं. फायली कुठे जातात, प्रिंटर कसा जोडतात, ते आधी पाहिलं. त्रास झाला तो टायपिंगचा. तिकडे जुन्या टाइपरायटरसारख्या मांडणीच्या कळांवर बोटं आपोआप पळायची. इकडे मी मराठीसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी घेतली, त्यात प्रत्येक अक्षराची जागा वेगळी. साधा अर्ज टाइप करताना घाम फुटायचा आणि माणसं उठून शेजारच्या दुकानात जायची.

अशात सुखदेवकाका आले. काकांची भीमगीतांची पार्टी आहे, गाणी स्वतःची. त्यांची पुस्तिका पूर्वी मीच केली होती. गाण्यांच्या वहीला वाळवी लागलेली, छापलेल्या प्रती वाटून संपलेल्या, आणि रविवारी कार्यक्रम. गाणी उरली होती ती माझ्या हार्डडिस्कवर.

फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. फायली आल्या होत्या, जुना फॉन्ट आला नव्हता. त्याची सीडी केव्हाच फुटलेली, आणि मशीन मी पुसून बसलेले. वंदनाला फोन केला, तिच्याकडे दुसराच फॉन्ट.

काका चष्मा सावरत म्हणाले, “इंग्रजीत केली का माही गाणी?”

“कोणत्याच भाषेत नाही, काका.”

“काऊन सोडलं मंग ते जुनं? चांगलं चालून राह्यलं होतं.”

“तुमाले पाठ नाहीत का?”

“चार-दोन हायेत. बाकी आता वय झालं, बाई.”

मी पडद्यावरचं पान खाली सरकवलं. एक इंग्रजी ‘ई’ दिसला आणि टेबलावर माझं बोट हललं. त्या फॉन्टात ‘म’ची कळ दाबली की आत इंग्रजी ‘ई’ साठवला जायचा, ‘र’ला ‘जे’. कोणतं अक्षर कोणत्या कळेवर, हे डोक्याला सांगता आलं नसतं. बोटांना आठवत होतं. मी हळूहळू वाचायला लागले, “दिवा लावला बाईनं अक्षराचा...”

काका सरळ बसले. “म्हनजे तुले वाचता येते हे?”

“मले नाही येत. बोटायले येते.”

मग मी एकेक ओळ मोठ्याने वाचायची, काका ती चालीवर म्हणून पाहायचे, आणि मी ती नव्या कळांवर उतरवायची. एका ठिकाणी ते म्हणाले, “हे कडवं काढ, त्या वक्ती जमलंच नव्हतं.” मी म्हटलं, “सुधारायचं तं घरी सुधारा, मी हाय तसं उतरवून राह्यली.” शनिवारी पुस्तिका बांधून दिली. ती गाणी आता युनिकोडमध्ये आहेत, कोणत्याही मशीनवर, मोबाइलवरही उघडतात. माझी बोटंही त्याच दिवसांत इनस्क्रिप्टवर बसली.

वंदना, करमते. आता हेच घर वाटते, कारण इथे बोटांना काही विचारावं लागत नाही. पण परवा एक जुनी पत्रिका उघडली आणि पहिल्याच ओळीतलं एक अक्षर कोणतं, ते काही केल्या आठवेना. तिकडची अक्षरं बोटांतून जाऊ लागली आहेत. दुकानात ती वाचणारं दुसरं कोणी नाही. त्या दिवसापासून गिऱ्हाईक नसलं की मी जुन्या फायली उघडून बसते आणि जे अजून वाचता येतं, ते आधी उतरवून घेते.